विंगेतला तळहात

तळहात आमच्याकडे करून ते उजवा हात वर धरायचे. बोटं जुळलेली, कोपर अंगाशी. हात वर असेपर्यंत विंगेत कुणी हलायचं नाही. मग तो हात अलगद खाली यायचा आणि त्याबरोबर कानाशी शब्द यायचे, "घाई नाही. पण आत्ता."

आमच्या हौशी मंडळाचं एखादं नाटक तुम्ही रत्नागिरीत पाहिलं असेल, तर त्यांना पाहिलेलं नसणार. पण अंधार वेळेवर झाला, पडदा मध्येच अडखळला नाही, दारावरची थाप नट दाराकडे वळायच्या आधी पडली नाही, एवढं तुमच्या लक्षात आलं असेल, तर त्यांचं काम तुम्ही पाहिलंय. रंगमंच व्यवस्था त्यांच्याकडे असायची. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. नाव इथे देत नाही. कार्यक्रमपत्रिकेतसुद्धा ते आपलं नाव चहावाल्याच्या आभाराखाली टाकायला लावायचे.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. तरुणपणी एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना मुंबईचे कॉल जोडून द्यायचे. तिथेच त्यांची कुजबुज तयार झाली असावी. ती विंगेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू यायची आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला मुळीच ऐकू यायची नाही. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "काय गो, जोर शब्दाच्या शेवटाला द्यायचा. लोक सुरुवातीलाच सगळा खर्च करून टाकतात."

मी लांज्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कॉलेजच्या संगणक कक्षात नोकरी लागली आणि एका मैत्रिणीबरोबर मी मंडळाच्या तालमीला गेले. नाट्यगृहात कुठे उभं राहावं, हेही मला कळत नव्हतं. काकांनी स्वतःच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल सरकवलं. "इथे बस. घाबरू नको, इथे सगळेच घाबरलेले असतात. फक्त मेकअपमुळे दिसत नाही." त्या स्टुलावर मी पुढे कितीतरी नाटकं बसून काढली. शहरात मला मिळालेली ती पहिली हक्काची जागा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता काकांचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली. काकूंनी ज्येष्ठमध दिलं, आल्याचा रस दिला. आवाज काही सुटेना. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची एक गाठ काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, असं बजावलं. आमचा स्पर्धेचा प्रयोग नेमका रिपोर्ट येणार त्याच आठवड्यात होता.

आमचे दिग्दर्शक शाळेत शिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणतो. सर मनाने चांगले, पण काळजी वाटली की निर्णय घेऊन टाकतात. तालमीला ते म्हणाले, "काका, यंदा तुम्ही विश्रांती घ्या. आम्ही करू काहीतरी."

काकांनी पिशवीतून टॅब्लेट काढला. पुण्याच्या मुलाने नातवाशी बोलायला तो पाठवला होता. त्यावर बोटाने त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घसा बंद आहे. डोळे उघडे आहेत.' आणि सरांपुढे धरला.

मग खाली आणखी एक ओळ लिहिली. ती फक्त माझ्याकडे वळवली. 'घरी बसलो तर रिपोर्टचाच विचार करीन.'

त्या ओळीनंतर मी कामाला लागले. माझं शिक्षण कुणाच्या उपयोगी पडेल, तर आता पडावं, असं वाटलं. टॅब्लेटवर एका ॲपमध्ये नाटकाची संहिता चढवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे अंधारात उजेड पडायला नको. दुसऱ्या ॲपमध्ये आवाज भरले. समुद्राची गाज, दाराची कडी, दूरची मोटारसायकल. राहिला प्रश्न इशाऱ्यांचा. लिहिलेलं वाचून दाखवणारं एक ॲप मिळालं. त्यात काकांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं. टॅब्लेटमधून बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात खणखणीत आवाज आला, "घाई नाही. पण आत्ता."

आम्ही सगळे हसून हसून बेजार. काका तोंडावर हात दाबून बसले, कारण हसायचीही परवानगी नव्हती. काकांबरोबर तालमीला आलेल्या काकू म्हणाल्या, "बाई बरी आहे हो. निदान 'पण'च्या आधी थांबते तरी."

पण ती बाई पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जात होती. तिला निरोप द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी वेगळंच विघ्न आलं. नाटकात वडील वारतात असा प्रवेश होता. मुलगी उशाशी बसलीय, सगळं शांत. आणि विंगेतून आवाज आला, "आता यात वाटलेलं ओलं खोबरं घालायचं आणि मंद आचेवर एक वाफ काढायची." काकू दुपारी टॅब्लेटवर रेसिपी बघत होत्या, ती अर्धी राहिली होती. काकांचं बोट नको तिथे लागलं आणि ती पुढे सुरू झाली. मेलेले वडील खाटेवर खदखदून हसले. सर डोकं धरून बसले. "सर, वाफ काढतायत," खाटेवरून वडील म्हणाले, "मला वाईच वेळ आहे अजून."

शेवटी मला हवं ते ॲप मिळालं. काकांनी टॅब्लेटवर बोट ठेवलं की विंगेतल्या सगळ्यांच्या फोनवर तोच रंग यायचा. लाल म्हणजे तयार राहा. हिरवा म्हणजे करा. सोपं. जगात सगळीकडे हेच चालतं, असं मला वाटत होतं.

पडदा आणि नेपथ्य रशीद सांभाळायचा. मिरकरवाड्यातला, पिढ्यान् पिढ्या मच्छीमारी. होडी बंदरात असली की तालमीला हजर. आमच्या नेपथ्यात घराची भिंत दोन भागांत होती आणि दोन्ही भाग चाकांवर. लाल रंग आला आणि रशीदने भिंतीचा डावा भाग ढकलून दिला. मागे आमची नायिका बशीतून चहा पीत उभी होती. मग हिरवा आला. रशीदने उजवा भागही ढकलला. घर दोन बाजूंना निघून गेलं.

"अरे मेल्या, काय करतोस?" सर ओरडले.

"सर, लाल म्हंजे डावी बाजू, हिरवा म्हंजे उजवी," रशीद शांतपणे म्हणाला. "होडीला तसेच दिवे असतात ना. रात्री समोरून दुसरी होडी आली की आम्ही तेच बघतो."

"हे नाटक आहे, समुद्र नाही."

"समजलं सर. पण हात ऐकत नाय. रंग दिसला की हात आधी जातो."

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. बिचारा रशीद घामाघूम झाला. सर हळू आवाजात मला म्हणाले, "हे जमायचं नाही. काकांना तूच समजाव." मी काकांकडे पाहिलं. त्यांनी टॅब्लेट मांडीवर उपडा ठेवला होता. ही जागा गेली तर पुढचे दिवस घरी, भिंतीकडे बघत काढायचे, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं.

त्यांनी टॅब्लेट सुलटा केला आणि लिहिलं, 'चूक रशीदची नाही. ज्या दिव्यांवर माणूस घरी पोचतो, ते त्याला विसरायला सांगू नये.'

मग त्यांनी टॅब्लेट माझ्या हातात दिला, स्वतःचा उजवा हात वर धरला आणि डाव्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवलं. मला समजायला थोडा वेळ लागला. मी त्या हाताचा फोटो काढला. मग त्यांनी हात खाली केला. तसाही काढला. लाल रंगाच्या जागी वर धरलेला तळहात आला आणि हिरव्याच्या जागी खाली आलेला हात.

रशीदच्या फोनवर तळहात उमटला. तो जागच्या जागी थांबला. हात खाली आला, भिंत सरकली. बरोबर तीच, बरोबर तेवढी.

"हा, आता काका दिसले," रशीद म्हणाला.

प्रयोगाच्या दिवशी काका नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले. नारळ वाढवला. कुणीतरी टॅब्लेटलाही हळद-कुंकू लावायला गेलं, तेव्हा त्यांनी चार्जिंगच्या भोकावर अंगठा ठेवला. काकू तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या. फोन मुठीत. डॉक्टरांनी आज संध्याकाळपर्यंत कळवतो म्हटलं होतं. हे मला काकूंनी दारातच सांगितलं. काकांनी विषय काढला नाही. त्यांनी तळहात वर केला, तिसरी घंटा झाली, हात खाली आला.

पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर विंगेच्या दारात कुणीतरी उभं असल्याचं मला जाणवलं. काकू होत्या.

तिसऱ्या घंटेनंतर विंगेत बाहेरच्या माणसाने यायचं नाही, हा काकांचा नियम. एकदा त्यांनी सरांनाही अडवलं होतं. काकूंना हे माहीत होतं आणि तरी त्या आल्या होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रंगमंचावर रात्रीचा निळा प्रकाश होता, तो त्यांच्या अंगावर पडला होता. त्या निळ्यात सगळेच चेहरे दुःखी दिसतात. काही कळेना.

काकांनी मान वळवून काकूंना पाहिलं. क्षणभरच. मग काकूंनाही त्यांनी तळहात दाखवला. थांब. पुढे अवघड जागा होती. रात्र सरून पहाट व्हायची, भिंत सरकायची, समुद्र ऐकू यायचा. काकू थांबल्या. इतक्या वर्षांचा संसार, ओठांवर एवढी मोठी बातमी, आणि त्या बाई नाटकाचा प्रवेश संपायची वाट बघत उभ्या राहिल्या. काकांचं बोट टॅब्लेटवर होतं.

मग काकूंनी माझ्याकडे हात पुढे केला. मी माझा फोन दिला. आमच्या त्या ॲपमध्ये तळाशी निरोप लिहायची एक पट्टी होती, ती मी दाखवली. काकूंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती.'

तो निरोप टॅब्लेटवर उमटला. आणि अर्थातच सगळ्यांच्या फोनवरही.

पलीकडच्या विंगेत रशीदने दोन्ही हात उघडून दुआ केली, तोंडावरून फिरवले आणि घाईघाईने पुन्हा भिंतीला लावले. प्रकाश सांभाळणारा विजू काकांचा लाडका. त्याच्या हाताला काय झालं कोण जाणे, त्या दिवशी पहाट ठरल्यापेक्षा लवकर आणि भलतीच सोनेरी उजाडली. ओरडायची सोय नव्हती, टाळ्या वाजवायची नव्हती. अंधारात आम्ही चौघं-पाच जण नुसते एकमेकांकडे बघत होतो.

काकांनी निरोप वाचला. दोन बोटांनी अक्षरं मोठी करून पुन्हा वाचला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग निरोप बाजूला सारून तळहात वर केला. दोन वाक्यं गेली. तळहाताचं चित्र खाली आलं आणि त्याबरोबर त्यांचा खरा हातही, सवयीने. भिंत सरकली. समुद्र वाजला.

मग काका स्टुलावर थोडे बाजूला सरकले. उरलेल्या अर्ध्या स्टुलावर काकू बसल्या. नियम मोडून, प्रयोग संपेपर्यंत.

त्या वर्षी आम्हाला प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पहाटेचं खास कौतुक केलं. विजू अजून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

पुढे काकांचा आवाज परत आला. जरा चिरका, पण आला. डॉक्टरांनी सांगितलं, खुशाल बोला, फक्त कुजबुजू नका, कुजबुजण्याने गळ्याला जास्त त्रास होतो. हे ऐकून काकूंना हसू आवरेना. "हयातभर यांनी दुसरं केलंय काय?" त्या म्हणाल्या.

यंदा त्यांनी टॅब्लेट माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "काका, ॲपवर कुजबुजावं लागत नाही. तुम्ही या ना."

"नको गो," ते म्हणाले. "आपलं नाटक समोरून कसं दिसतं ते बघायचं राहिलंय. वेळ मिळालाय तर बघून घेतो."

परवाच्या प्रयोगाला माझ्या शेजारचं स्टूल रिकामं होतं. दुसऱ्या प्रवेशात एक विनोद आहे, फार मोठा नाही. नटाने वाक्य टाकलं आणि अंधारातून एक हसू आलं. फाटकं, मोठं, पोटातून निघालेलं, सगळ्या प्रेक्षागृहाच्या वर. मी विंगेच्या फटीतून पाहिलं. काका मागे रेलून, तोंड उघडं टाकून हसत होते, आणि काकू त्यांच्या दंडाला चिमटा काढून त्यांना गप्प करायला बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांचं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं. नटाला पुढचं वाक्य घ्यायला थोडं थांबावं लागलं. मी त्याला थांबू दिलं.