निर्मलाची तिसरी आवृत्ती

शेवटच्या दुपारी आम्ही दोघं प्रेसमध्ये बसून छापलेल्या कागदांच्या घड्या घालत होतो. दारव्ह्यातली आमची लग्नपत्रिकांची प्रेस. निर्मला, माझी बायको, चमच्याच्या पाठीनं घडी दाबायची. माझी एक घडी उचलून म्हणाली, "हे पाहा, तुमच्यासारखीच. कोनाचं आयकत नाही."

"तुह्यासंग राहून सरळ कोन राह्यलं?" मी म्हटलं.

हसली. संध्याकाळी छातीत कळ आली, अन् दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच गेली.

लोक विचारतात, बाई काय लिहायची? कविता? नाही. खेळ लिहायची. पुस्तकाचं नाव 'तारांचं रान'. चार-पाच जणांनी बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. गोष्ट पुढच्या काळातल्या आमच्याच यवतमाळ जिल्ह्याची. तिथं बियाण्यालाही कुलूप, अन् किल्ली कंपनीच्या यंत्रात. डोक्यात तार खुपसून यंत्रात शिरणारी पोरगी अन् झाडांना हाक मारून उठवणारी म्हातारी, दोघी मिळून ते कुलूप फोडतात.

मी चौथी शिकलेलो. म्हटलं, "मशीन हाय तं मंतर कायले?"

"दोन्ही मोठ्याइच्याच ताब्यात हायेत. खेळात तरी आपन दोन्ही घेऊ."

पहिली आवृत्ती पत्रिकांच्या उरल्या कागदावर काढली. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, एकेक करून हातानं जुळवायचे. शेवटच्या पानाखाली आधीच्या पत्रिकेची एक ओळ तशीच राहून गेली. कंपनीचा मालक मरतो, अन् खाली छापलेलं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "राहू द्या. खेळ बी बलावल्याबिगर होत नाही." पुढं बोरी अरबपासून पांढरकवड्यापर्यंत पोरं ती ओळ ओरडूनच फासे टाकू लागली.

आठवडी बाजारात ती पुस्तकं मांडून बसायची. कापसाची ती वाईट वर्षं. एक जण टोमणा मारून गेला, "कापसाले भाव नाही, अन् तुम्ही खेळ इकून राह्यले?"

"भाव देनं माह्या हातात असतं, तं खेळ कायले छापला असता, भाऊ?"

दुसरी आवृत्ती पुण्याचे एक प्रकाशक काढणार होते. नमुना आला तर आमचा जिल्हाच गायब. परदेशी शहर, परदेशी नावं. ती फोनवर भांडली. ते म्हणाले, "बाई, यवतमाळ म्हटलं की लोकांना आत्महत्याच आठवतात. खेळणार कोण?"

"म्हनूनच," ती म्हणाली. "आमचं मरन सगळ्याइले ठाऊक हाय. आमाले जिंकताना कोनी पाह्यलं काय?"

फोन ठेवला, नमुना परत पाठवला, अन् दुसरी आवृत्तीही आम्हीच छापली.

तिसरीचं फक्त पहिलं पान राहिलं होतं. नावाचं पान सगळ्यात शेवटी छापायचं, ही तिची रीत. माती देऊन आलो त्या संध्याकाळी धाकटा भाऊ सुदाम जवळ बसला. खिळे जुळवायला तोच असतो.

"दादा, वयनीच्या नावापुढं 'कालकथित' लावा लागते. लोक काय म्हनतीन?"

आम्ही बौद्ध. गेलेल्या माणसाच्या नावापुढं आमच्यात हा शब्द लावतात. 

"अन् आता पुन्यावाल्याले हो म्हना. कोन चालवन हे सगळं?"

"मी," म्हटलं. "अन् लोकाइले म्हन, फासे घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस उघडली. सुदामनं तो शब्द जुळवून तिच्या नावापुढं बसवून ठेवला होता. मी चिमट्यानं उपसला, एकेक अक्षर आपापल्या खणात टाकलं, चौकट पुन्हा आवळली. लाइन गेलेली होती. ट्रेडल मशीन पायानं मारलं. गुडघा कुरकुरला, कुरकुरू दिला. पहिला कागद निघाला. 'तारांचं रान. लेखिका निर्मला, दारव्हा. तिसरी आवृत्ती.' तो वाळत घातला अन् दुसरा लावला.