शर्टाचं तिसरं बटण

"बटणावरून कोण मोजतं, बाबा?"

"मी मोजतो. सव्वीस वर्षं. सुरुवात केली तेव्हा तू रांगत होतीस."

"आणि ऑफिसनं दिलेली काठी?"

"काठी झुडपात अडकते. माझी छाती नाही अडकत."

जंगलखात्याच्या त्या अरुंद खोलीत लेक कॉम्प्युटरवर बसायची आणि टेपमास्तर, म्हणजे तिचे वडील, झाडांचे घेर आणून द्यायचे. चारशे झाडं, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर. जमिनीपासून एक मीटर तीसवर, छातीच्या उंचीला, टेप गुंडाळायची. घेरावरून झाडाचं वजन काढायचं. वाळल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं. पहिल्या वर्षी मास्तरांनी तेवढ्याच मापाची काठी अंगाला लावून पाहिली, ती नेमकी तिसऱ्या बटणाशी आली. मग काठी कोपऱ्यात गेली. झाडं त्यांना घरच्यांसारखी. "एकशे बारा नंबरची यंदा अंगानं भरलीय," असं कौतुकानं सांगत.

आज सकाळी तिनं सहज त्यांना भिंतीशी उभं केलं. बटण एक मीटर एकवीसवर.

"शिंपी तोच आहे," मास्तर म्हणाले.

"पाठ ती नाही, बाबा. तुम्ही वाकलात. दर वर्षी टेप खाली सरकत गेली, आणि खोड खाली जाडच असतं."

ते खुर्चीत बसले. "म्हणजे झाडं वाढलीच नाहीत?"

"वाढली असतील. किती, ते आता कोण सांगणार?"

झाडांतला कार्बनचा साठा वाढता राहील तोवर जंगलाला करवत लावायची नाही, असा करार होता. पलीकडच्या उतारावर लाकूडवाल्यांनी रस्ता आखूनही ठेवला होता. उद्या करारातला साठा पडताळायला तपासणीवाले काठ्या घेऊन येणार होते.

"सांग त्यांना, झाडं आटली."

"लोकरीची आहेत का आटायला?" तिला हसू आलं नाही. "त्यांनी पकडलं तर आपला एकही आकडा ते खरा धरणार नाहीत. मी आजच कळवते. चारशेच्या चारशे पुन्हा मोजू."

"आणि आकडा घसरला तर?"

"तर... माहीत नाही."

"एकशे बाराला पाडतील."

"गप्प बसलो तरी पाडतील, बाबा. तुमचं नाव लिहावं लागेल त्यात. लिहू?"

मास्तर उठले. खुर्चीचा आधार घेत पाठ सरळ करायला गेले, ती झाली नाही. मग कोपऱ्यातली काठी उचलली आणि दार उघडंच टाकून ते झाडांकडे निघाले.