ढिली राहिलेली क्लिप

डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात बोलले, तेव्हा माझ्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता. त्याच सकाळी प्रताप नगरच्या आमच्या घरापुढे हे जुन्या गाडीचा तडकलेला रबरी पाइप बदलत होते आणि मी नवा पाइप जागेवर धरून उभी होते. त्यावरची क्लिप कसता कसता छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे राहू दे वं, येऊन कसतो."... आलेच नाहीत.

गाडी आमच्या मुलाहून मोठी. नागपूरच्या उन्हापुढे रबराचं काही चालत नाही. दर उन्हाळ्यात कुठला ना कुठला पाइप चिरायचाच आणि यांची सुटी बॉनेटखाली जायची. त्यात एका आजारपणानंतर यांना वास येणंच बंद झालेलं. माझं करपलेलं वरणही मिटक्या मारत खायचे. त्यामुळे पेट्रोल गळतंय का, हे हुंगून सांगायचं काम माझं. मी पोळ्या लाटत असले तरी हाक यायची, "ये वं, नाक घेऊन ये!" पिठाच्या हातांनी मी बॉनेटवर वाकायची. "वास येऊन राहिला का?" "येतोय." की पुन्हा पेचकस हातात. मी "नाही येत" म्हणेपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडायची नाही. "तुमचं नाक नुसतं चष्मा ठेवायला," मी वैतागून म्हणायची. "म्हणून तं तुले आणलं," हे हसायचे. आज त्या हाकेसाठी जीव तुटतो.

तेराव्यानंतर पुण्याला परतलेला मुलगा महिन्याभरानं पुन्हा आला. त्यानं गाडी सुरू केली आणि लगेच बंद केली. "आई, पाइप गळून राहिला. मिस्त्रीला बोलावतो."

"नको," मी म्हणाले. यांचं अर्धं राहिलेलं काम परक्या हातानं पुरं व्हावं, हे मला सोसवेना. आणि खरं सांगू? ते पुरं व्हावं असंच वाटत नव्हतं... क्लिप ढिली होती, तोवर हे येऊन ती कसणार होते. पण पेट्रोलची गळती अशी ठेवता येत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

पेचकस त्यांच्या डब्यात वरच होता. क्लिप मीच कसली. मुलानं गाडी पुन्हा सुरू केली, उतरून बॉनेटवर वाकला, हुंगलं. "नाही येत आता वास," म्हणाला, गाडी बंद केली आणि हात धुवायला आत गेला.

त्याचं नाक चांगलं आहे. मला विचारायची त्याला गरजच नव्हती. मी तिथेच उभी राहिले. मग सवयीनं वाकले, वास घेतला आणि हळूच सांगितलं, "अहो, नाही येत."