अर्ध्या मिनिटात न आलेल्या मुली

आमच्या साहेबांना हळू माणसांचा मनस्वी तिटकारा. हळू चालणारा, हळू बोलणारा, हळू जेवणारा, सगळे त्यांच्या लेखी एकाच माळेचे मणी. स्वतः मात्र ऑफिसात अकराच्या आत कधी उगवले नाहीत. पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आले, होटगी रोडला दोन खोल्या घेतल्या, दारावर 'सोल्युशन्स' लिहिलं आणि तेव्हापासून त्यांना सगळं सोलापूरच हळू वाटायला लागलं. मी त्यांच्याकडे प्रोग्रॅमर होते. म्हणजे साहेब आधी गिऱ्हाइकाला शब्द द्यायचे आणि तो खरा कसा करायचा ते मग मी बघायचे.

त्या उन्हाळ्यात एका शिक्षण संस्थेचं काम आलं. नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचे अर्ज वेबसाइटवरून घ्यायचे होते. मुलीने माहिती भरायची, मार्कलिस्ट आणि दाखल्यांचे फोटो पाठवायचे, सर्व्हरने त्या सगळ्याची एक पीडीएफ करून तिला परत द्यायची. सर्व्हर साहेबांनी जातीने निवडला. 'सगळ्यात फास्ट' असं कुठेतरी वाचलं होतं. फास्ट होताही. त्याच्यात मोजके कामगार, म्हणजे अर्ज हाताळणारे छोटे प्रोग्रॅम, प्रत्येक कामगार एका वेळी एकच माणूस घेणार आणि त्याचं काम पुरतं संपल्याशिवाय दुसऱ्याकडे ढुंकून बघणार नाही. ऑफिसच्या फायबरवर अर्ज चुटकीसरशी जायचा. साहेबांनी तो आम्हाला भरून दाखवला, स्वतःच्या लायसनचा फोटो लावून, आणि आमच्याकडून टाळ्या घेतल्या.

खरे अर्ज सुरू झाले तेव्हा फायबर कुणाकडेच नव्हतं. रेंज मिळेल तिथे उभं राहून मुली वडिलांच्या मोबाइलवरून फोटो पाठवत होत्या. फोटो थेंब थेंब यायचा आणि तो पुरा येईपर्यंत आमचा फास्ट कामगार तिच्यासमोर माशा मारत बसायचा. सगळे कामगार असे अडकले की साइट बंद. शेवटच्या आठवड्यात ती रोज बंद पडू लागली. तरी साहेब ढिम्म. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला एसीत बसून साइट उघडेना, तेव्हा कुठे ते हलले.

हळू येणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेले सर्व्हर असतात, असं मी त्यांना सांगितलं. कागद पुरे येईपर्यंत ते दारातच गोळा करून ठेवतात, मग कामगाराच्या हातात देतात. शेकडो मुली रेंगाळल्या तरी कुणाचं अडत नाही. शिवाय फुकट मिळतात.

"फुकट मिळतं ते तसलंच असतं," साहेब म्हणाले. त्यांचा फास्ट सर्व्हरही फुकटच होता, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी स्वतःचा उपाय काढला. अर्ध्या मिनिटात अर्ज पुरा आला नाही तर जोडणी तोडायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तो आकडा त्यांनी स्वतः कीबोर्डवर बसून टाकला. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या हाताने केलेलं हे एकच काम.

साइट सुसाट सुटली. वेगाचा आलेख इतका देखणा आला की साहेबांनी त्याची रंगीत प्रिंट काढून भिंतीला लावली. सरासरी सुधारणारच होती, हळू माणसं मोजणीतूनच हाकलली होती. कच्ची पोरं नववीतच अडकवून दहावीचा निकाल शंभर टक्के लावणाऱ्या शाळा आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. साहेब तसल्याच एखाद्या शाळेतून आलेले असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचं गाव उजनी धरणाच्या पाण्याकाठी.

"ताई, फॉर्म जातच न्हाय की. निम्मा जातोय, अन् परत पयल्यापास्नं. आमी समद्या पोरी टाकीच्या जिन्यावर बसलोय, हितंच जरा रेंज हाय."

तिला नर्स व्हायचं होतं, हे ती सातवीत असल्यापासून आम्ही ऐकत होतो. काका कसेबसे तयार झाले होते ते एका अटीवर. कॉलेज तासाभराच्या अंतरावर, पण संस्था त्या बाजूच्या गावांतून बस सोडणार होती. बस असली तर जा, नाहीतर शेतात पाण्याच्या मोटरीवर चल. आणि बस सुटणार ती त्या गावांतून पुरेशा मुली आल्या तरच.

मी साहेबांकडे गेले. ते कुठल्याशा जेवणाला निघायच्या गडबडीत होते. म्हणाले, "बहिणीचे कागद मागवा आणि ऑफिसातून भरा. त्यात काय एवढं!"

"आणि बाकीच्या मुली?"

"त्यांना म्हणावं, जरा चांगलं नेट घ्या."

ते जेवण म्हणजे अध्यक्षांच्या नव्या इमारतीची वास्तुशांत. मलाही जावं लागलं. पंगत बसली, गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी वाढली गेली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकेक घास घोळवत जेवत होते. वाढपी त्यांना वाढून पुढे गेला, ओळ फिरून आला, त्यांची वाटी रिकामी दिसल्यावर पुन्हा वाढून गेला. मला राहवलं नाही. समोर बसलेल्या साहेबांना मी म्हटलं, "बघा, हा काय आजोबांचं जेवण होईपर्यंत त्यांच्यापुढे पळी घेऊन उभा राहिला का? की अर्ध्या मिनिटात त्यांचं ताट ओढून घेतलं?"

साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, उजेड पडला.

"म्हणूनच मी मुलीच्या लग्नात बुफे ठेवला," ते म्हणाले.

जेवण तसंच टाकून मी उठले असते, पण पंगतीतून मध्येच उठायचं नसतं. ऑफिसात आल्या आल्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, तुझे कागद व्हॉट्सअॅपवर टाक, सगळ्यांचे गोळा करून टाक, आज शेवटचा दिवस आहे.

"त्या गेल्या की ट्रकात केळी भरायला. कालपास्नं बसल्या हुत्या, कटाळल्या. आता कुटं हुडकू?"

तिचे एकटीचे कागद संध्याकाळपर्यंत एकेक करून आले. रेंज गेली की थांबत होते, आली की पुढे सरकत होते, कुणी त्यांना हाकललं नाही. मी अर्ज भरला. ऑफिसातून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांसमोर बैठक झाली. साहेबांनी आलेख मांडला. अध्यक्षांनी अर्जांच्या गावांच्या यादीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "धरणाच्या बाजूनं एकच अर्ज? तिकडच्या पोरींना शिकायचंच न्हाय की. मग बस कशाला?" बस रद्द झाली.

आम्हीच तोडलेल्या जोडण्यांच्या नोंदी मी छापून नेल्या होत्या. त्या पुढे केल्या. अध्यक्षांनी विचारलं, "ह्यात नावं कुटं हायत?" नावं नव्हती. जिचा अर्ज पुरा पोचलाच नाही तिचं नाव कुठून येणार? एवढं मी सांगत होते, तोवर साहेबांनी ते कागद उलटे करून ठेवले. "टेक्निकल कचरा असतो, सर," असं म्हणून हसले. मला त्या माणसाची किळस आली, आणि अध्यक्षांचीही.

पहिल्या यादीत माझ्या बहिणीचं नाव लागलं. मुदत संपली तरी ती आली नाही. ते कळल्यावर साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बघा! तुम्ही भरून दिला, सीट मिळाली, तरी आली नाही. ह्या लोकांसाठी कितीही करा! आता फोन लावून विचारा तिला. न येण्याचं कारण संस्थेला कळवावं लागेल."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. मागे मोटरीचा आवाज होता, त्यावर ती ओरडून बोलली.

"बस चालू झाली का, ताई?"

मी नाही म्हटलं. तिने फोन बंद केला.

साहेब पेन उघडून उभे होते. "काय म्हणाली? कारण काय लिहू?"

"तुम्ही," मी म्हटलं. "लिहा. तुम्ही."