उस्मानची फिरती वही

उस्मान गेल्याची बातमी मला दोन दिवसांनी कळली, तीही ऑफिसात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. खाडीच्या अलीकडे बर दुबईत माझं ऑफिस, पलीकडे देऱ्यात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. मध्ये फक्त खाडी, ती अब्रात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत बसून ओलांडायची. एवढ्याशा अंतरावर राहून मी त्याच्या दफनाला नव्हतो. सिमेंटची चौकशी करायला आलेले एक रत्नागिरीकडचे गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, "परवा आपला उस्मान रेडिओवाला गेला ना... दुकानातच छातीत कळ आली. दुपारी असरच्या नमाजानंतर दफनाला नेलं." मी कोटेशनचा कागद बाजूला ठेवला. आधी राग आला तो कुणी कळवलं नाही याचा. मग आठवलं की दीड महिना मीच तिकडे फिरकलो नव्हतो. तो निरोप पाठवत होता आणि मी टाळत होतो.

का टाळत होतो ते सांगायला मागे जावं लागेल. कॉलेजच्या वसतिगृहात खोली नंबर नऊमध्ये आम्ही पाच जण होतो. उस्मान, गजानन, भास्कर, शिरीष आणि मी. इंटरच्या वर्षात दुसऱ्या महायुद्धाची भरती निघाली आणि पाचही जणांनी एकदमच नावं दिली. वायरलेस शिकलो, बोटीत बसलो, बसऱ्याच्या छावणीत उतरलो. गजाननला नाईकाची फीत मिळाली, म्हणून आमच्या तुकडीची जबाबदारी कागदोपत्री त्याची. एकदा दुपारच्या उन्हात छावणी हलवताना लॉरीवरून वायरलेसचा सेट खाली पडला आणि मागून येणाऱ्या गाडीखाली त्याचा चुरा झाला. सेटचा दोर मी बांधला होता. घाईत बांधला होता, एकच गाठ मारून. चौकशीत साहेबाने विचारलं, दोर कुणी बांधला? गजाननने आमच्याकडे एकदा पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, "तुकडी माझी आहे, सर." त्याची फीत गेली, आणि लष्करातून सुटका झाली तेव्हा कागदावर वाईट शेरा पडला. त्या शेऱ्यामुळे त्याला तार खात्यात नोकरी मिळाली नाही. कॉलेजातही तो परतला नाही. चिपळूणजवळ एका भाताच्या गिरणीत लागल्याचं कानावर आलं, आणि आम्ही तेवढ्यावरच थांबलो.

आखाताची ओळख असल्याने उस्मान पुढे बायकोला कोकणातल्या घरी ठेवून दुबईला आला, आणि काही वर्षांनी त्याच्याच शब्दावर मीही आलो. फिरत्या वहीची कल्पना त्याची. जाड पुठ्ठ्याची एक वही तो लिहून मला द्यायचा, मी पुण्याला शिरीषकडे पाठवायचो, तो नागपूरला भास्करकडे, आणि तिथून ती बोटीने परत दुबईला. सहा-सात महिन्यांत एक फेरी व्हायची. मी त्यात फार रंगून लिहीत असे... मेसची पाणीदार आमटी, रेक्टरची छत्री, बसऱ्याच्या वाळूत हरवलेले बूट. वर्षानुवर्षं आम्ही लढाईच्या गमती लिहिल्या आणि त्यात गजाननचं नाव एकदाही येऊ दिलं नाही. वहीच्या यादीतून त्याला कुणी काढलं नव्हतं. त्याला घातलंच नव्हतं.

शेवटच्या भेटीत उस्मानने हातातला सोल्डरिंगचा लोखंडी दांडा बाजूला ठेवला आणि वही माझ्यापुढे सरकवली. "दत्ता, या फेरीला बसऱ्याचं खरं लिही. मग गजाननचं नाव यादीत घालू."

"वीस वर्षं होऊन गेली रे. खलास. आता उकरून कुणाचं भलं होणार?"

"ते त्याला ठरवू दे."

"मग तूच लिही ना. तूही गप्पच होतास."

"माझं गप्प बसणं मी लिहिलंय, बघ या पानावर. पण दोर मी नव्हता बांधला."

मी वही उचलली, घरी नेली आणि कपाटात ठेवून दिली. त्याचे तीन निरोप आले. प्रत्येक वेळी मी ऑफिसात काम फार आहे असं कळवलं.

बातमी कळल्यावर मी अब्रा पकडून देऱ्याला गेलो. दुकान आता त्याचा भाचा कादर चालवतो. तिशीचा, मितभाषी माणूस. त्याने मला बसवलं आणि खणातून पत्रांचा एक गठ्ठा काढला. "काका, ही तुम्हीच ठेवा. मामू दर फेरीला अख्ख्या वहीची हाताने नक्कल करायचे आणि चिपळूणला पाठवायचे. तिकडून आलेली उत्तरं आहेत ही."

गजाननची पत्रं होती. म्हणजे इतकी वर्षं आमची प्रत्येक फेरी तो वाचत होता. माझी आमटी, माझे बूट, त्याला वगळून रंगवलेला माझा बसरा, सगळं. उत्तरं चार-पाच ओळींची. पाऊसपाणी, मुलीची शाळा. एकात शेवटी लिहिलं होतं, "दत्ता मजेदार लिहितो. त्याला तब्येत जपायला सांग."

मला उस्मानचा भयंकर राग आला. समोर बसून चहा पाजत होता तेव्हा हे एकदा तरी सांगायचं. कदाचित मी स्वतःहून लिहावं म्हणून तो थांबला असेल. पण थांबून थांबून गेलाच की... आणि हे भांडण आता कुणाशी भांडायचं?

त्या आठवड्यात मी आठ पानं लिहिली. दोर, एक गाठ, साहेबाचा प्रश्न, माझी मान खाली. कुठेही सारवासारव केली नाही. वही पुण्याला न पाठवता थेट चिपळूणला पाठवली आणि शिरीष-भास्करला तसं कळवलं. शिरीषने लिहिलं, बरं केलंस. भास्करचं उत्तर नाही.

परवा गजाननचं कार्ड आलं. "वही मिळाली. वाचली. उस्मानच्या घरी जाऊन आलो. भाभींची तब्येत बरी आहे. कळावे." बस, एवढंच. माफ केलं असंही नाही, शिवीही नाही. मी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, पत्त्याच्या बाजूला काही लिहिलंय का तेही पाहिलं. चार पानं रागाची आली असती तर मी मुकाट्याने वाचली असती.

या शुक्रवारी कार्ड खिशात घालून देऱ्याला गेलो. कादरने बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला आणि विचारलं, "वही परत येईल ना, काका?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"येईल इन्शाल्ला, पुढच्या बोटीने." एवढं बोलून तो कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरकडे वळला. मी उस्मानच्या स्टुलावर बसून खिशातलं कार्ड पुन्हा वाचलं. गजाननच्या त्या ओळींचा अर्थ आमच्यात फक्त एकालाच लागला असता, आणि त्याने बोलावलं तेव्हा मी कामात होतो.