दूध आटलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतानाही हात छातीकडेच जातोय — डाव्या बाजूला, काखेखाली. जुनी खोड आहे.

आई तिथल्याच गाठीनं गेली, माझ्या माहेरी, पाचाडला. गाठ फुटून वाहू लागली तरी तिनं वैद्याला पदर बाजूला करू दिला नाही. चिंध्या मी धुवायची. आजीही अशीच गेली म्हणे. मग मी कोण मोठी वेगळी लागून गेले? लग्न होऊन पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत आले, तरी अंघोळीला बसलं की बोटं तेच शोधायची.

मग मुलगी झाली. एके दिवशी तिला पाजताना काळजात धस्स झालं — हे आईच्या दुधातून माझ्यात आलं असेल, तर आता मी ते हिला पाजतेय? कुणाला विचारणार? असलं कोण बोलतं? मी सांगून टाकलं, दूध आटलं. पोरीला शेळीचं दूध सुरू झालं. माझं मी गोठ्यात जाऊन शेणात पिळायची.

इथपर्यंत भीती होती. पुढचं मात्र — पुढच्याला भीती म्हणून चालणार नाही.

सासूबाईंनी थोरल्या जावेवर बोट ठेवलं. तिला मूल नव्हतं. माझं बाळंतपण तिनंच काढलं होतं. "हिचीच नजर लागली. पोरीला हात लावायचा नाय!" आमचे दोघींचे नवरे दासगावच्या बंदरातून बोटीनं मुंबईला, गिरणीत गेलेले. तिची बाजू कोण घेणार? मी घेऊ शकले असते. पण मग खोटं का बोललीस, हे आलं असतं. आईचं आलं असतं. मी गप्प बसले.

तिला आंबेनळीकडे, माहेरी धाडायचं ठरलं. निघताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या डोळ्यात काय हाय गो? तू तरी सांग."

तेवढ्यात आत पोर रडली, आणि माझी चोळी भिजली. तिच्या देखत. ती बघतच राहिली. मग पुढे होऊन तिनं माझा पदर ओढला, ओला डाग नीट झाकला, आणि बोचकं उचलून चालू लागली.

ती परत आली नाही. मला गाठही कधी आली नाही. आता लेक तिच्या बाळाला पाजते, तेव्हा मी तिच्याकडे बघते आणि माझी बोटं पुन्हा काखेखाली जातात.

जावेनं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.