गिरणीचे दार आणि कमरेची किल्ली

कापूस जळल्याचा वास आला की ती घटना आजही आठवते, आणि हातातला घास खाली ठेवावासा वाटतो. इंग्रजी अमल होता आणि मी सोलापुरात फौजदार होतो. एका कापड गिरणीत, कापूस पिंजण्याच्या खोलीत, भर दुपारी आग लागून एक कामगार मेला. बाकीचे भाकरी खायला बाहेर गेले होते. उरलेले काम संपवायला मुकादमाने त्याला मागे ठेवले होते. गिरणीचे म्हणणे असे, की दार उघडेच होते. हा कामगारच नियम मोडून बिडी ओढत झोपला आणि आपल्या कर्माने गेला.

दहन झाल्यावर त्याची बायको ठाण्यात आली.

"सायेब, माजा मालक बिडी वडत नव्हता. त्याचं हात मी धुतलं. नखांत हिरवा रंग व्हता. दार उगडं व्हतं तर त्यानं ते वरबाडलं कशाला?"

मी जाऊन दार पाहिले. हिरवे दार आतून जळाले होते, पण खालच्या कोपऱ्यात ओरखडे शिल्लक होते.

मग जबाब सुरू केले. जो तो एकच वाक्य ऐकवी, "काम चालू असता कोणतेही दार बंद ठेवू नये." घरात तेलुगू आणि बाहेर आपली सोलापुरी बोलणारी माणसे अशी छापील बोलू लागली, की पोलिसाने कान टवकारावेत. पढवलेला साक्षीदार कुठेच अडखळत नाही, आणि त्यातच तो सापडतो.

एका वयस्क कामगाराला मी नियम विचारायचे सोडून दिले. म्हटले, "सकाळी आल्यावर काय काय करता, तेवढंच सांगा."

"भोंगा झाला की फाटकात उभं ऱ्हायाचं. मुकादम समदे नियम म्हनून घेतो. मग आमी आत गेलो की त्यो भाइरनं कुलूप लावतो."

"रोज?"

"रोज की. न्हायतर मानसं बिडीला भाइर जात्यात." त्याचा चेहरा पडला. "त्या दुपारी आमी भाइर आल्यावर त्यानं परत कुलूप लावलं. किल्ली त्याच्या कमरंला व्हती, सायेब. त्यो जेवाया गेलता. आतून हाका येत व्हत्या, अन् आमी नुसतं दार बडवत व्हतो."

मुकादमाला शिक्षा झाली. कुलूप लावायला सांगणारे वरचे साहेब नामानिराळे राहिले, याचा संताप मला आजही आहे. त्या बाईच्या नवऱ्यावरचा बिडीचा ठपका तेवढा पुसला गेला.

पुढे एका सकाळी त्या फाटकावरून चाललो होतो. कामगार नियम म्हणत होते. त्यात एक नवा वाढला होता, "दारास कुलूप लावू नये." नियम म्हणवून घेणाऱ्या नव्या मुकादमाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

नियम म्हणवून घेणे किंवा भिंतीवर रंगवणे सोपे असते. त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात बदली झाली, तिथला नियमांचा तक्ता मी मागाहून वाचला. आधी कोठडीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, ते पाहिले.